हिमाचा काटा कोणाच्या हाती?



वैशाखाच्या या उकाड्यात, पंख्याखालीही सदरा अंगाला चिकटत असताना, माझ्यासारख्या माणसाने तुमच्यापुढे हिमाविषयी बोलावे याचे तुम्हांला नवल वाटणे साहजिक आहे. ज्याची सारी उमेद ऊसतोड कामगारांच्या संघटनेत आणि कारखान्यांच्या फाटकांवर गेली, त्याचा आल्प्सच्या उतारांशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो एका शब्दात सांगता येतो. तो शब्द म्हणजे काटा.

ऊसतोडीचे पैसे टनावर मिळतात. म्हणजे कोयता चालवणाऱ्या नवराबायकोची दिवसभराची मेहनत शेवटी काट्यावरच्या एका आकड्यात उतरते, आणि तो आकडा वाचणारा माणूस मालकाचा असतो. एके वर्षी आम्ही एका कारखान्यात जाणारी भरली गाडी आधी बाहेरच्या काट्यावर नेली आणि मग आतल्या काट्यावर. दोन आकड्यांत जे अंतर पडले ते पाहून गाडीवान काही बोलला नाही, फक्त बैलांकडे पाहू लागला. 'काटामारी' हा शब्द तुम्हांला समजावून सांगायला नको. तेव्हापासून कोणताही आकडा दिसला की मी आधी विचारतो, हा मोजला कोणी आणि त्याला पगार कोण देतो? हाच प्रश्न मनात धरून मी हिमवार्तांचा इतिहास वाचीत गेलो, आणि युरोपातले ते गोरे डोंगर मला फारसे परके वाटेनासे झाले.

आधी एका अडचणीचा निकाल लावू. आपल्या भाषेत गोळेवाल्याच्या गाडीवरची लादीही बर्फ आणि आकाशातून पिसासारखे उतरते तेही बर्फच. मी येथे आकाशातून पडणाऱ्याला हिम म्हणणार आहे. पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून या हिमावरून घसरत जाण्याच्या खेळाला स्कीइंग म्हणतात. मुळात तो खेळ नव्हता. नॉर्वे-स्वीडनकडच्या लोकांची ती हिवाळ्यातली पायवाट होती. आल्प्समध्ये तिचा खेळ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल याने १८९४ च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडमधील दाव्होसहून खिंड ओलांडून अरोसापर्यंतचा प्रवास स्कीवरून केला. पत्नीला क्षय झाला होता म्हणून तो दाव्होसला राहिला होता. वाट दाखवायला ब्रँगर नावाचे दोन स्थानिक भाऊ होते. लोक हसतात म्हणून हे भाऊ सुरुवातीला अंधारात सराव करीत, असे सांगतात. त्या प्रवासात एके ठिकाणी उतार इतका कठीण आणि निसरडा लागला की त्यांना स्की एकत्र बांधून त्यांची घसरगाडी करावी लागली. पुढे कसले हिम लागेल हे सांगणारी कोणतीही वार्ता त्या तिघांजवळ नव्हती. ब्रँगर बंधू तो रस्ता आधी चालून आले होते, एवढेच त्यांचे भांडवल. हिमाचे ज्ञान तोपर्यंत मेंढपाळ, वाटाडे आणि लाकूडतोडे यांच्या डोक्यात होते. कागदावर आले नव्हते.

ते कागदावर आणण्याचा पहिला मोठा उद्योग एका जंगलखात्याच्या माणसाने केला. योहान कोआझ हा स्वित्झर्लंडचा वनाधिकारी. कोणत्या दरीत, कोणत्या उतारावरून हिमाचा लोट खाली येतो, किती जंगल मोडतो, किती घरे गाडतो याच्या नोंदी त्याने गोळा केल्या आणि १८८१ मध्ये स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे लक्ष झाडांवर होते, कारण उतारावरचे जंगल तोडले की खालचे गाव उघडे पडते. आपल्याकडच्या दरडींच्या बाबतीत हे आपल्याला उशिरा उमगले.

पुढे महायुद्ध आले. १९१६ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या फौजा डोंगरमाथ्यांवर समोरासमोर बसल्या होत्या. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा पर्वतावर ऑस्ट्रियन सैनिकांच्या बराकींवर हिमाचा कडा कोसळला आणि शेकडो सैनिक एका सकाळी गाडले गेले. बराकी धोक्याच्या जागी आहेत असे तेथल्या अधिकाऱ्याने वरिष्ठांना आधीच कळवले होते. वर बसलेल्यांनी ते मानले नाही. खाली झोपणाऱ्याला धोका दिसतो आणि वर बसणाऱ्याला नकाशा दिसतो, हे युद्धात घडते आणि कारखान्यातही घडते.

असाच दुसरा प्रसंग रशियाच्या उत्तर टोकाला घडला. खिबिनी डोंगरात खतासाठी लागणाऱ्या खनिजाची खाण होती. ५ डिसेंबर १९३५ रोजी तेथल्या खाणकामगारांच्या वसाहतीवर हिमस्खलन झाले आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर त्या खाणीने हिमावर नजर ठेवणारे स्वतंत्र खातेच उघडले. मोजमाप करणाऱ्या बहुतेक संस्थांच्या पायाशी अशी माणसे पुरलेली सापडतात.

आता दाव्होसकडे परत जाऊ, कारण या विषयातले खरे विद्यापीठ तेथेच झाले. १९३१ साली स्विस सरकारने हिम आणि हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी एक आयोग नेमला. १९३६ मध्ये दाव्होसच्या वर, वाइसफ्लूयोख नावाच्या खिंडीपाशी, एका लाकडी खोपटात काम सुरू झाले. पाउल निग्ली हा खनिजशास्त्रज्ञ मार्गदर्शक होता. हेन्री बाडर हा स्फटिकांचा जाणकार, तर रॉबर्ट हेफेली हा मातीच्या भारवाहकतेचा अभ्यास करणारा इंजिनिअर. कोणी हिमाकडे स्फटिक म्हणून पाहू लागला, कोणी धरणाच्या मातीसारखा एक पदार्थ म्हणून. १९३९ मध्ये त्यांचा हिमाच्या रूपांतरावरचा ग्रंथ बाहेर आला आणि हिमवार्तेला पहिल्यांदा शास्त्राचा आधार मिळाला.

त्यांनी काय शोधले ते जरा सावकाश सांगतो, कारण या विषयाचे मर्म तेथेच आहे.

ताजे, हलके हिम म्हणजे बहुतेक हवाच. एक घनमीटर ताज्या हिमाचे वजन साधारण शंभर किलो भरते, कधी त्याहूनही कमी. तेच हिम पडून राहिले की बसत जाते, आणि हिवाळ्याच्या अखेरीस त्याच घनमीटरचे वजन तिप्पट-चौपट होते. म्हणजे आज सकाळी हातभर पडलेले हिम चार दिवसांनी हातभर उरत नाही. ते वितळलेले नसते, बसलेले असते. यासाठी या शास्त्रज्ञांनी हिमात खड्डा खणायची रीत घातली. उतारावर जमिनीपर्यंत खणायचे, भिंत सरळ कापायची आणि तिच्यातले थर पाहायचे. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, जसे विहीर खणताना मुरमाचे आणि काळ्या मातीचे पट्टे दिसतात तसे. थोड्याथोड्या अंतरावर तापमापक खुपसायचा, भिंगाखाली कण पाहायचे. हेफेलीने एक सळई तयार केली. तिच्यावर ठरावीक उंचीवरून वजन टाकायचे आणि किती ठोक्यांत ती किती आत जाते ते मोजायचे. कठीण थर कोठे आहे आणि पोकळ थर कोठे, हे ती सळई सांगते.

या खड्ड्यांतून जे दिसले ते सामान्य समजुतीच्या उलट होते. हिमाखालची जमीन थंड असली तरी तिचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास असते. वरचा पृष्ठभाग मात्र रात्री उणे पंधरा-वीस अंशांवर जातो. थर जाड असेल तर हा फरक पुष्कळ जाडीवर वाटला जातो. कण हळूहळू गोल होतात आणि एकमेकांना सांधले जातात. थर पातळ असेल तर तोच फरक वीतभर जाडीत मावतो. मग खालची वाफ जोराने वर चढते आणि तळाशी मोठे, कंगोरेदार, एकमेकांना न चिकटणारे दाणे तयार होतात. मुठीत धरले तर ते साखरेसारखे बोटांतून गळतात, आणि पाश्चात्त्य लोक त्यांना साखरेचेच नाव देतात. हंगामाच्या आरंभी थोडेसे हिम पडावे, मग कोरडी कडक थंडी पडावी आणि त्यानंतर जोराची हिमवृष्टी व्हावी, की वरचा जड थर या साखरेवर ठेवल्यासारखा होतो. तीस अंशांहून अधिक उतार असला की एका माणसाचे वजन तो मोडायला पुरते. थोडे हिम म्हणजे थोडा धोका, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

वाऱ्याचा हिशेब आणखी वेगळा. वारा डोंगराच्या एका अंगाचे हिम उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो आणि तेथे त्याची फरशी बसवतो. आकाशातून एक कणही न पडता एखाद्या उतारावर हातभर नवे हिम साचू शकते. वसंतात दिवसा ऊन आणि रात्री गारठा असे चक्र सुरू होते. पहाटे सारा उतार काचेसारखा कडक, दहा-अकराला वरचा बोटभर थर मऊ होऊन घसरायला सर्वोत्तम, आणि दुपारी दोनला तेच हिम पाणथळ, जड आणि धोक्याचे. सकाळी सातची वार्ता दुपारी दोन वाजता शिळी झालेली असते. स्कीवाल्याने 'हिम किती?' याच्या आधी 'केव्हाचे, कोणत्या बाजूचे आणि काल रात्री आकाश कसे होते?' हे विचारावे लागते ते यामुळे.

१९४२ मध्ये या कामाला संघराज्याच्या संस्थेचे रूप आले. दुसऱ्या महायुद्धात स्विस सैन्याला डोंगरातल्या आपल्या शिपायांसाठी हिमस्खलनाच्या सूचना हव्या होत्या. युद्ध संपल्यावर १९४५ पासून ते काम या संस्थेकडे आले आणि सूचना सर्व जनतेसाठी प्रसिद्ध होऊ लागल्या. वाइसफ्लूयोखच्या सुमारे २५४० मीटर उंचीवरच्या मोजणीच्या मैदानात १९३६ पासून हिमाच्या नोंदी चालू आहेत. ज्या माणसाने १९३६ मध्ये खुंट वाचला त्याच्या नातवाच्या वयाचा माणूस आज त्याच मैदानाचे आकडे पाहतो. या नोंदी घेणाऱ्याला पगार सरकार देते. हिम कमी पडले म्हणून त्याचा पगार कापला जात नाही, की जास्त पडले म्हणून बोनस मिळत नाही. त्या आकड्याची किंमत यातच आहे.

वार्ता असूनही माणसे मेली नाहीत असे नाही. १९५०-५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांनी ९८ बळी घेतले, आणि त्यानंतर उतारांवर अडसर उभारण्याचे मोठे काम हाती घेतले गेले. फेब्रुवारी १९९९ मध्ये पुन्हा तसाच हिवाळा आला. ऑस्ट्रियातील गाल्टूर गावात २३ फेब्रुवारीला ३१ माणसे गेली. नकाशात सुरक्षित दाखवलेल्या भागापर्यंत लोट पोहोचला होता. त्याच्या दोनच दिवस आधी स्वित्झर्लंडमधील एव्होलेन येथे १२ जण मेले होते, आणि तेथे पुढे गावच्या प्रमुखाला व सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाला न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. वार्ता मिळणे वेगळे आणि ती वाचून रस्ता बंद करणे वेगळे.

१९९३ मध्ये युरोपातील देशांनी मिळून धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी अल्प धोक्याची, पाचवी अति मोठ्या धोक्याची. कागदावर हे सोपे दिसते. पण पाचांपैकी तीन म्हटले की आपले मन परीक्षेच्या गुणांसारखे 'मध्यम' असे म्हणते, आणि येथेच घात होतो. या पायऱ्या जिन्यासारख्या सारख्या उंचीच्या नाहीत. वर जावे तसा धोका उसळी मारत वाढतो. स्वित्झर्लंडचा अनुभव असा की हिवाळ्याच्या साधारण एक तृतीयांश दिवसांत तिसरी पायरी जाहीर होते, आणि हिमस्खलनात मरणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे याच पायरीच्या दिवसांत मरतात. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरी बसतात. तिसऱ्या पायरीला ऊन पडलेले असते, हिम ताजे असते आणि सुटी आधीच मंजूर झालेली असते.

आतापर्यंत सांगितली ती एका प्रकारची वार्ता, जीव वाचवण्यासाठी काढलेली. तिच्या शेजारी दुसरीही एक वार्ता वाढत होती, ती तिकिटे विकण्यासाठी. १९३४ च्या डिसेंबरात दाव्होसलाच एर्न्स्ट कॉन्स्टाम या इंजिनिअरने स्कीवाल्यांना दोरीने वर ओढून नेणारे यंत्र सुरू केले. डोंगर चढण्याचे श्रम संपले आणि डोंगराला तिकीट आले. तिकीट आले की जाहिरात आली, आणि जाहिरातीत हिमाचे आकडे आले. समजा, फलकावर लिहिले आहे: पायथ्याशी ४०, माथ्यावर १२०, चोवीस तासांत नवे १५ सेंटिमीटर. पहिला प्रश्न, माथ्यावर म्हणजे कोठे? वाऱ्याने साचलेल्या घळीत खुंट रोवला की १२० चे २०० होतात. दुसरा प्रश्न, नवे १५ कसे मोजले? रीत अशी, की पांढरी फळी ठेवायची, ठरल्या वेळी तिच्यावरचे हिम मोजायचे आणि फळी पुसायची. दिवसातून एकदा मोजले तर एक आकडा येतो. दर दोन तासांनी मोजून, पुसून, बेरीज केली तर मोठा येतो, कारण हिमाला बसायला वेळच मिळत नाही. फळी खरी, मोजपट्टी खरी, बेरीजही बरोबर आणि आकडा खोटा! आमच्या काट्यावरच्या लोकांना ही युक्ती कळली नाही हे आमचे भाग्य.

हा केवळ संशय राहिला नाही. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमधील जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी स्की-केंद्रांनी स्वतः जाहीर केलेल्या हिमाची सरकारी हवामान केंद्रांच्या नोंदींशी तुलना केली. २००९ मध्ये त्यांनी मांडलेल्या निबंधानुसार शनिवार-रविवारी ही केंद्रे सुमारे २३ टक्के अधिक हिम जाहीर करीत होती. ढगाला रविवार कळत नाही, गल्लेवाल्याला कळतो. फुगवण्यात ज्यांचा फायदा अधिक, ते अधिक फुगवीत. पण मला त्या निबंधातला शेवटचा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्याच सुमारास मोबाइल फोनवर अशी सोय निघाली की डोंगरावर उभा असलेला माणूस तेथूनच 'येथे एवढे हिम नाही' असे सर्वांना कळवू शकेल. त्याबरोबर फुगवटा झपाट्याने उतरला, आणि जेथे फोन नीट चालत होते तेथे अधिक उतरला. उपदेशाने आणि स्पर्धेने जे झाले नव्हते ते बाहेरच्या काट्याने झाले.

यंत्राने हिम करण्याची विद्या १९५० मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात निघाली. वेन पिअर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाणी आणि दाबलेली हवा तोटीतून थंड हवेत फवारून ते करून दाखवले. २०२२ चे बीजिंगचे हिवाळी ऑलिंपिक जवळजवळ सर्वस्वी अशा हिमावर पार पडले. त्यामुळे वार्तेत आणखी एक प्रश्न वाढला: पडलेले किती आणि पाडलेले किती? हे पाडलेले हिम घट्ट आणि जड असते, उशिरा वितळते. पण त्याला थंडी लागतेच. आणि थंडीच आता भरवशाची राहिलेली नाही. आल्प्समधील दोन हजारांहून अधिक केंद्रांच्या १९७१ ते २०१९ या काळातील नोंदी एकत्र करून २०२१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ८७ टक्के ठिकाणी हिमाची जाडी घटत चाललेली आढळली. हा निष्कर्ष काढता आला तो खुंट वाचणाऱ्या असंख्य अनामिक नोकरांच्या वह्यांवरून. तिकीट विकणाऱ्यांच्या फलकांवरून काढायचा म्हटला असता, तर आल्प्समध्ये दर शनिवारी हिम वाढतच गेले असते.

आपल्या देशातही ही कथा आहे. गुलमर्गला १९२७ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर लष्कराच्या गरजेतून १९६९ मध्ये मनालीला हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था निघाली. २०२० मध्ये ती संरक्षण खात्याच्या दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. आता आपल्या गावांतूनही लोक दर हिवाळ्यात गुलमर्गला जातात. जानेवारी २०२४ मध्ये जे गेले त्यांना तेथे तपकिरी गवत दिसले. जवळजवळ सारा महिना कोरडा गेला. महिनाअखेरीस हिम सुरू झाले, सगळ्यांना हायसे वाटले, आणि २२ फेब्रुवारीला तेथेच हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू मरण पावला. हिम आले ही वार्ता सर्वांनी ऐकली होती.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. स्की-केंद्रांवर पहाटे अंधारात वर जाणारी माणसे असतात. नवे हिम मोजणे, धोक्याच्या उतारावर स्फोटके टाकून हिम आधीच खाली पाडणे, दोर लावून रस्ता बंद करणे आणि दिवसभर जखमींना खाली आणणे, ही त्यांची कामे. अमेरिकेत यूटा राज्यातील पार्क सिटी येथे अशा सुमारे दोनशे गस्तवाल्यांची संघटना आहे. त्यांचा सुरुवातीचा पगार तासाला २१ डॉलर होता. त्यांनी २३ मागितले. बोलणी फिसकटली आणि २७ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे नाताळच्या ऐन गर्दीत, त्यांनी संप पुकारला. त्या दिवसांत डोंगरावर हिम पडत होते आणि फलकावर त्याचे आकडेही येत होते. पण तो उतार उघडण्याजोगा आहे की नाही हे सांगणारी माणसे फाटकाबाहेर फलक धरून उभी होती, त्यामुळे डोंगराचा मोठा भाग बंदच राहिला आणि महागडी तिकिटे काढून आलेले लोक खाली रांगांत ताटकळले. तेराव्या दिवशी, ८ जानेवारी २०२५ रोजी, करार मंजूर झाला. सुरुवातीचा पगार तासाला २३ डॉलर ठरला, आणि गस्तवाले पुन्हा पहाटेच्या अंधारात वर जाऊ लागले.